लिनक्स मिंट २२.२ : इन्स्टॉलर एक नंबर, पण इन्स्टॉलरपर्यंत पोचायचं कसं?

लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी किंवा शेजारी टाकता येणारी ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी एक. तिचे रिव्ह्यू शोधायला गेलात तर बहुतेकांत डेस्कटॉप किती देखणा, मेनू कसा विंडोजसारखा, थीम कुठली भारी, हेच सगळं सापडतं. मला विचाराल तर ते नंतरचं. ज्याला पहिल्यांदा लिनक्स टाकायचंय त्याचं घोडं डेस्कटॉपवर अडतच नाही, ते अडतं त्याच्या आधी, म्हणजे आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एका फाइलीत) डाऊनलोड झाली आणि आता पुढे काय, इथपासून ते मिंटचा लोगो स्क्रीनवर दिसेपर्यंत. माझ्याकडे ओळखीतले लॅपटॉप याच कामासाठी येत असतात आणि प्रत्येक वेळी अडलेलं असतं ते याच पट्ट्यात कुठेतरी. म्हणून हा रिव्ह्यू फक्त इन्स्टॉलेशनचा. व्हर्जन २२.२, नाव झारा, एडिशन सिनॅमन (मिंटच्या डेस्कटॉपचा एक प्रकार), सप्टेंबर २०२५ मध्ये आलेलं. आत उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ व्हर्जनचा पाया आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे एकदा टाकलं की बरीच वर्षं बघायला नको.

आत्ता अचानक सगळ्यांना लिनक्स का आठवलं हे उघड आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगले धडधाकट चालणारे लॅपटॉप उगाचच भंगारात निघाले. मिंटच्या अटी त्यामानाने माफक आहेत, २ जीबी रॅम (४ असेल तर बरं) आणि २० जीबी जागा (१०० दिलीत तर निवांत). आता २ जीबी रॅमवर सिनॅमन चालू होतं एवढंच म्हणेन मी, ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की धापा टाकतं, तिथे सरळ एक्सएफसीई ही हलकी एडिशन घ्यावी. आणि मशीनमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा आणि मग लिनक्सचा विचार करा, कारण डिस्कच हळू असेल तर कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तरी रडगाणं तेच राहणार.

डाऊनलोडपासून सुरू करू. फाइल जवळपास तीन जीबीची आहे, साइटवर मिररची (तीच फाइल ठेवणाऱ्या इतर सर्व्हरची) लांबलचक यादी असते आणि टोरेंटही असतो. नेट मधेमधे तुटणारं असेल तर टोरेंटच घ्या, अर्धवट राहिलं तरी तिथूनच पुढे चालू होतं आणि टोरेंट प्रोग्राम प्रत्येक तुकडा तपासूनच घेतो त्यामुळे फाटकी फाइल हातात येत नाही. ब्राउझरमधून घेतलीत तर मात्र चेकसम तपासा. म्हणजे काय, तर फाइलवरून एसएचए-२५६ पद्धतीने ६४ अक्षर-आकड्यांची एक ओळ काढायची आणि साइटवर दिलेल्या ओळीशी जुळते का बघायचं, बस, विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवरून एका ओळीत होतं. लोक याला फालतू सोपस्कार समजतात. मिंटच्या बाबतीत तरी समजू नये, कारण २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटची साइटच हॅक झाली होती आणि डाऊनलोडच्या लिंकवर १७.३ सिनॅमनची बॅकडोअर (गुपचूप आत शिरायची चोरवाट) घातलेली आयएसओ ठेवली होती. टीमने स्वतःच ते जाहीर केलं हे त्यांचं चांगलं, पण तेव्हापासून मी तरी चेकसम चुकवत नाही. अजून एक बारीक मुद्दा, हल्लेखोर साइट बदलू शकतो तर साइटवरचा चेकसमही बदलू शकतो, म्हणून चेकसमच्या फाइलीवर वेगळी डिजिटल सही असते आणि ती कशी तपासायची हे मिंटच्या गाइडमध्ये नीट दिलंय. नवख्या माणसाला ते थोडं जड जातं हे मान्य, आणि इथे मिंटने विंडोजवाल्यांसाठी एखादं छोटं बटणवालं टूल द्यायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ज्याला हे सगळ्यात जास्त गरजेचं आहे त्याच्याकडेच अजून लिनक्स नाहीये!

आता पेनड्राइव्ह. इथे गंमत अशी होते की विंडोजमध्ये आयएसओवर डबल क्लिक केलं की ती एखादी सीडी घातल्यासारखी उघडते, किंवा झिप उघडणारं एखादं सॉफ्टवेअर असेल तर फाइलीला त्याचाच आयकॉन लागलेला असतो, त्यामुळे माणूस बिनधास्त आतलं सगळं कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट करतो आणि मग बूट का होत नाही, म्हणजे त्यावरून मशीन चालू का होत नाही, म्हणून विचारतो. नव्या युएफआयवाल्या (मशीन चालू करणाऱ्या बायोसचा नवा अवतार) मशीनवर पेनड्राइव्ह फॅट-३२ फॉरमॅटचा असेल तर हे कधीकधी चालूनही जातं आणि मग तो माणूस चार जणांना तेच शिकवतो, पण भरवसा नाही. आयएसओ ही डिस्कची हुबेहूब प्रत असते, बूट कुठून व्हायचं, पार्टिशन (डिस्कचे तुकडे) कसं, हे सगळं तिच्यात धरून, म्हणून ती लिहावी लागते, नुसती कॉपी करून भागत नाही.

लिहायला तीन पर्याय बरे आहेत. रुफस फक्त विंडोजवर चालतं, एवढीशी फाइल, इन्स्टॉलही करावं लागत नाही, वेगवान आहे. आयएसओ मोड की डीडी मोड (जशीच्या तशी प्रत) असं विचारतं तेव्हा पहिला पर्याय ठेवा, बूट नाहीच झालं तर परत येऊन डीडी मोड करा. बलेना एचर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, तीन बटणं आहेत, प्रोग्रामचा आकार कामाच्या मानाने अवाढव्य आहे पण लिहून झाल्यावर परत वाचून पडताळतं आणि या एका गोष्टीसाठी मी नवीन माणसाला तेच सुचवतो. स्वस्तातले पेनड्राइव्ह किती खोटे निघतात हे त्या पडताळणीच्या टप्प्यावरच कळतं, नाहीतर इन्स्टॉल अर्ध्यावर कोसळतं आणि शिव्या लिनक्सला बसतात. तिसरं व्हेंटॉय, त्यात पेनड्राइव्ह एकदाच तयार करायचा आणि मग त्यावर आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करत जायच्या, बूट केल्यावर यादी येते, हवी ती निवडा. दहा डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) चाखून बघणाऱ्यांना हेच लागतं, फक्त सिक्युअर बूट (सही नसलेलं काही बूट होऊ न देणारी सोय) चालू असेल तर पहिल्यांदा त्याची की नोंदवावी लागते आणि ती निळी स्क्रीन बघून नवखा माणूस घाबरतो, म्हणून एकदाच इन्स्टॉल करायचं असेल तर एचर पुरे. आणि हो, कशानेही लिहा, पेनड्राइव्हवरचं सगळं जातं. शिवाय डीडी पद्धतीने लिहून झाल्यावर पेनड्राइव्ह विंडोजला परत लावला की 'फॉरमॅट करायचा का' असं विचारू शकतं. नाही म्हणायचं! ते विंडोजला ओळखता येत नाही एवढंच, पेनड्राइव्हला काही झालेलं नसतं.

इथून पुढचा भाग मिंटच्या हातात नाही पण वेळ सगळा इथेच जातो. पेनड्राइव्हवरून बूट करायला कुठलं बटण, तर एका कंपनीचं एफ १२, दुसरीचं एफ ९, तिसरीचं एस्केप, आणि स्टार्ट होताना ती सूचना डोळे मिटून उघडेपर्यंत गायब. बटणाच्या मागे लागू नका, विंडोज चालू असेल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, निळा मेनू येतो, त्यात डिव्हाइस वापरा असा पर्याय असतो, तिथून पेनड्राइव्ह निवडा.

त्याआधी दोन गोष्टी विंडोजमध्येच उरकून घ्या. एक, फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण ते चालू असलं की शटडाऊन केलेलं विंडोज खरं तर अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्समधून ते पार्टिशन फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. दोन, बिटलॉकर बघा, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. कितीतरी नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो, मग बायोसमध्ये जरा काही बदललं की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागून बसतं. ती की आधी शोधून कागदावर लिहून ठेवा. विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकायचं असेल तर बिटलॉकर पूर्ण उतरवूनच पुढे जा, नाहीतर इन्स्टॉलर त्या पार्टिशनला हात लावत नाही आणि तेच बरोबर आहे.

सिक्युअर बूट बंद करा असं सरसकट सांगतात, मिंटला तशी गरज नाही, त्याचा बूट लोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) मायक्रोसॉफ्टच्या सहीचा आहे आणि चालू ठेवूनही बूट होतो. फक्त आयएसओ जुनी वापरू नका. ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटनंतर जुने बूट लोडर नाकारले जायला लागले आणि शिम एसबॅटचा एरर येऊन मशीन बंद, असं बऱ्याच ड्युअल बूटवाल्यांचं (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांचं) झालं, कपाटातला दोन वर्षांपूर्वीचा पेनड्राइव्ह काढून लावायचा नाही तो यासाठी. अजून एक हमखास अडणारी जागा म्हणजे इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी, डिस्क हाताळायच्या इंटेलच्या खास पद्धती. पेनड्राइव्हवरून सगळं मस्त चालू होतं, इन्स्टॉलर उघडतो आणि डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये जाऊन स्टोरेज एएचसीआय या साध्या पद्धतीवर आणावं लागतं, पण तसं सरळ केलंत तर विंडोज उठत नाही, त्याला आधी सेफ मोडमध्ये एकदा चालू करून घ्यावं लागतं. एका लॅपटॉपवर तर हा पर्याय बायोसमध्ये लपवून ठेवलेला होता, कंट्रोल आणि एस दाबल्याशिवाय दिसतच नव्हता, कंपनीचं नाव घेत नाही पण असलं काही का करतात देव जाणे.

बरं, एकदा बूट झालं की मग मिंट सुरू होतं आणि इथून माझा सूर बदलतो. पहिल्या मेनूत स्टार्ट लिनक्स मिंट, कंपॅटिबिलिटी मोड, ओईएम इन्स्टॉल (मशीन विकणाऱ्यांसाठी) असे पर्याय असतात. स्क्रीन काळी राहिली तर घाबरू नका, ग्राफिक्स कार्डचा रुसवा असतो, कंपॅटिबिलिटी मोडने या. मग थेट पूर्ण डेस्कटॉप येतो, पेनड्राइव्हवरून चालणारा, डिस्कला धक्का न लावता. लाइव्ह सेशनची ही सोय सगळ्यात मोलाची आणि लोक ती पार वाया घालवतात, डेस्कटॉप दिसला की लगेच इन्स्टॉलच्या आयकॉनवर झेप. अहो थांबा की जरा! वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल, ब्राइटनेसची बटणं, झाकण मिटून उघडल्यावर परत जागा होतो का, हे सगळं इथेच बघून घ्या. इथे चाललं ते इन्स्टॉल केल्यावर बहुतेक चालतं. वायफाय नाही दिसलं (ब्रॉडकॉमचे काही चिप यात बदनाम आहेत) तर फोन यूएसबी केबलने लावून टेदरिंग चालू करा, लगेच नेट मिळतं, ड्रायव्हर नंतर घेता येतो. हार्डवेअर अगदी नवं असेल तर २२.२ चा फायदा असा की त्यात ६.१४ कर्नल (लिनक्सचा गाभा) आहे, २२ आणि २२.१ मध्ये ६.८ होता, म्हणून बरोबर तीच आयएसओ घ्या, जुनी घेऊन अपडेट करू म्हणाल तर वायफायविना अडकून बसाल.

इन्स्टॉलर. भाषा, कीबोर्ड, मल्टिमीडिया कोडेक हवेत का (गाणी-व्हिडिओ चालवायला लागतात, हो म्हणा, नेट लागलेलं असू द्या), डिस्क, टाइमझोन, नाव-पासवर्ड. संपलं. एवढेच प्रश्न, आणि डिस्कच्या उत्तरानंतर तो मागे कॉपी करायला लागतो आणि पुढे तुम्हाला टाइमझोन विचारतो, त्यामुळे वेळही वाचतो. एसएसडी असेल तर चहा करून येईपर्यंत उरकतं. मिंटने उबुंटूचा जुनाच युबिक्विटी इन्स्टॉलर ठेवलाय, उबुंटूने स्वतः तो कधीच बदलला, पण मला तरी त्याचं वाईट वाटत नाही, जुना आहे पण सरळ आहे.

डिस्कची स्क्रीन मात्र एकदा थांबून वाचावी अशी आहे. इरेज डिस्क म्हणजे अख्खी डिस्क, फक्त विंडोजचं सी ड्राइव्ह नव्हे. डी ड्राइव्हवर फोटो आहेत, ते तर वेगळं आहे ना, असं विचारणारे दर वेळी भेटतात. वेगळं नाही हो, एकाच डिस्कचे दोन तुकडे आहेत, दोन्ही जाणार. शेजारी इन्स्टॉल करा हा पर्याय दिसला तर त्यात मधली रेघ सरकवून विंडोजला किती, मिंटला किती ते ठरवता येतं, ठीक चालतं, पण मी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच आधी पार्टिशन आखडून मोकळी जागा करून ठेवतो, विंडोजची फाइल सिस्टिम विंडोजने हलवलेली बरी. आणि तिसरा, समथिंग एल्स, म्हणजे सगळं हाताने. इथे मिंटचे मार्क जातात. समोर एनव्हीएमई शून्य एन एक पी एक, पी दोन अशा नावांचा तक्ता येतो आणि त्यातून कुठलं काय हे तुमचं तुम्ही ओळखायचं. मी आकारावरून ओळखतो, १०० ते ३०० एमबीचं छोटंसं असतं ते ईएफआय (बूट लोडर इथे राहतात), त्याला हात लावायचा पण फॉरमॅटच्या चौकटीत टिक करायची नाही, टिक केली की विंडोजचा बूट लोडर गेला. मोकळ्या जागेत एक पार्टिशन, ईएक्सटी-४ (लिनक्सची फाइल सिस्टिम), माउंट पॉइंट (ते कुठे जोडायचं) नुसती तिरकी रेघ, बाकी काही नको. स्वॅपसाठी (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) वेगळं पार्टिशन काढायची आता गरज नाही, फाइल बनते.

खाली बूट लोडर कुठल्या डिस्कवर टाकायचा याची यादी असते, आणि दोन डिस्क असतील तर ती यादी बेभरवशाची आहे. दुसरी डिस्क निवडली तरी युबिक्विटी पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्येच बूट लोडर टाकून मोकळा होतो, ही त्याची फार जुनी खोड, बग रिपोर्टला वर्षं झाली. उपाय एकच, डेस्कटॉप असेल तर इन्स्टॉल करताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा, लॅपटॉपवर बायोसमधून ती डिस्क तात्पुरती बंद करता आली तर करा. इतकी वर्षं माहीत असलेली गोष्ट अजून यादीत तशीच दिसते आणि माणसाला वाटतं आपण निवडलं म्हणजे झालं, हे मला पटत नाही.

एन्क्रिप्शनचे दोन पर्याय आहेत, अख्खी डिस्क किंवा फक्त होम फोल्डर. लॅपटॉप घेऊन फिरत असाल तर अख्खी डिस्क करा, पासफ्रेज विसरलात तर मात्र डेटा कोणीही परत देऊ शकत नाही.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असणाऱ्यांसाठी एक वेगळी ओळ. सिक्युअर बूट चालू ठेवून बाहेरचे ड्रायव्हर टाकले की एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, कुठलंही बटण दाबा म्हणून, मॉक मॅनेजमेंट नावाची. ती फक्त १० सेकंद थांबते. तेवढ्यात बटण दाबून एन्रोल मॉक, कंटिन्यू, तोच पासवर्ड, असं केलं नाही तर मशीन मुकाट्याने पुढे बूट होतं आणि ड्रायव्हर काही चालू होत नाही, मग माणूस ड्रायव्हर काढ-घाल करत बसतो. रीस्टार्ट दिलं की खुर्चीवरून उठू नका.

पहिल्या बूटनंतर स्वागताची खिडकी येते आणि तिच्यात क्रमाने काय करायचं ते दिलेलं आहे, हे मला फार आवडतं. टाइमशिफ्ट चालू करा, म्हणजे अपडेटने काही बिघडलं तर कालच्या स्थितीत परत जाता येतं. मग अपडेट, मग ड्रायव्हर मॅनेजर. विंडोजही ठेवलं असेल तर घड्याळ काही तास पुढेमागे दिसेल, कारण विंडोज मदरबोर्डवर स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स युटीसी (जागतिक प्रमाणवेळ), एका कमांडने मिंटला स्थानिक वेळेवर आणता येतं. मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठीचा कगप फोनेटिक लेआउट तयारच आहे, काही डाऊनलोड करायला नको, देवनागरी जोडाक्षरंही पहिल्यापासून नीट दिसतात.

मार्क द्यायचेच तर लाइव्ह सेशन आणि इन्स्टॉलरच्या सोप्या वाटेला पाचापैकी पाच, हाताने पार्टिशन करायच्या स्क्रीनला अडीच, गाइडला चार (लेखन चांगलं आहे पण बिटलॉकर आणि आरएसटीचा इशारा डाऊनलोडच्या पानावरच मोठ्या अक्षरात हवा). ज्यांचं पोट अडोबीच्या सॉफ्टवेअरवर आहे किंवा जे कर्नलमध्ये घुसणाऱ्या अँटी-चीटवाले ऑनलाइन गेम खेळतात त्यांनी विंडोज पुसून मिंट टाकू नये, शेजारी टाका फार तर. बाकी ब्राउझर, मेल, ऑफिसच्या फाइली, व्हिडिओ एवढंच ज्यांचं काम आहे त्यांना बेलाशक सांगतो.

आणि इन्स्टॉल झाल्या झाल्या पेनड्राइव्ह फॉरमॅट करून गाणी भरू नका, निदान पहिले काही आठवडे. विंडोजच्या अपडेटनंतर कधी बूटचा मेनूच गायब झाला तर त्याच पेनड्राइव्हवरून लाइव्ह सेशन उघडायचं, मेनूत बूट रिपेअर म्हणून प्रोग्राम आधीच दिलेला आहे, नेट जोडून तो चालवला की बहुतेक वेळा मेनू परत येतो.